मोटरसायकलची निगा: नवशिक्याने सुरुवात कोठून करावी

मोटरसायकलची निगा स्वतः राखायची असे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा पान्यांचा मोठा संच विकत आणतो, आणि मीही तेच केले होते. एका रविवारी सकाळी माझ्या १०० सीसीच्या गाडीचे इंजिन ऑइल बदलण्यासाठी मी गाडीशेजारी उकिडवा बसलो, वरून वाकून इंजिनच्या तळाच्या, जुने ऑइल काढण्यासाठी असलेल्या ड्रेन बोल्टला १७ नंबरचा पाना लावला आणि बोल्ट सुटत नाही असे पाहून दोन्ही हातांनी जोर केला. बोल्ट थोडा फिरला, मग एकाएकी हलका झाला. मी तो सोडत नव्हतो, आवळत होतो. त्या बोल्टाचे डोके जमिनीकडे असते. डोक्यासमोर तोंड केले तर सोडण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध असते, पण वरून वाकून पाहणाऱ्याला तीच दिशा काट्यांप्रमाणे दिसते. बोल्ट पोलादी आणि इंजिनचे घर ॲल्युमिनियमचे, त्यामुळे आटे गेले ते घराचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये मोठ्या मापाचा टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, त्यात पोलादी इन्सर्ट बसवावा लागला. ते काम करणाऱ्या वयस्कर कारागिराने जुना बोल्ट हातात फिरवून पाहिला आणि एवढेच म्हटले, ‘ह्यो बोल्ट हाय, उसाची मोळी न्हवं.’

या अनुभवामुळे पुढील मजकुराचा क्रम नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवला आहे. ज्या कामांना पाना लागत नाही ती आधी, ज्यांत नट अर्धा-पाऊण फेरा फिरवायचा असतो ती त्यानंतर, आणि ज्यांत काही उघडावे लागते ती सर्वांत शेवटी शिकावीत. किती जोर पुरे आहे हे हाताला कळू लागेपर्यंत इंजिनला हात न लावलेला बरा.

पाना न लावता करण्याची कामे

गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका शोधून काढणे हे पहिले काम आहे. टायरमधील हवा, चेनची ढिलाई, ऑइलची श्रेणी आणि प्रमाण हे चार आकडे तिच्यात असतात, आणि गॅरेजमध्ये ऐकलेल्या कोणत्याही आकड्यापेक्षा तेच खरे धरावेत. यांतील हवेचा आणि चेनचा आकडा पुष्कळ गाड्यांवर चेन कव्हरजवळच्या स्टिकरवरही छापलेला असतो.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी, कारण गाडी चालल्यावर आतील हवा तापते आणि दाब वाढलेला दिसतो. १०० सीसीच्या गाड्यांना पुढच्या चाकात साधारण २५ पीएसआय आणि एकट्याने जायचे असेल तर मागच्या चाकात २८ पीएसआयच्या आसपास हवा लागते. मागे माणूस बसवून जोतिबाचा किंवा पन्हाळ्याचा चढ चढायचा असेल, तर मागच्या चाकात त्याहून बरीच जास्त हवा पुस्तिकेत सांगितलेली असते. पेट्रोल पंपावरील मीटरवर विसंबण्यापेक्षा खिशात मावणारा स्वतःचा गेज बाळगावा. हवा भरल्यावर वॉल्व्हच्या तोंडाला बोटाने थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहण्याची जुनी रीत आजही तितकीच उपयोगी आहे, आणि तपासून झाल्यावर वॉल्व्हचे टोपण परत लावायला विसरू नये.

याच वेळी टायरवरून सावकाश हात फिरवावा. ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून सुटलेले खिळे, तारांचे तुकडे आणि पिना पडलेल्या असतात, आणि रुतलेला खिळा वेळीच सापडला तर ट्यूबलेस टायर घरापर्यंत निभावतो. टायरच्या खाचांमध्ये झिजेची खूण दाखवणारे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बदलण्याशिवाय पर्याय नाही.

इंजिन ऑइलची पातळी पाहायलाही पाना लागत नाही. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, आणखी दोन-तीन मिनिटे थांबावे आणि गाडी सपाट जागी मेन स्टँडवर सरळ उभी करावी. साइड स्टँडवर मोजलेली पातळी नेहमी चुकीची येते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून स्वच्छ फडक्याने पुसावी आणि पुन्हा आत घालून पातळी पाहावी. अनेक गाड्यांत ती या वेळी आट्यांत न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींत फिरवायची असते, तर काही इंजिनांना डिपस्टिकऐवजी बाजूला काचेची खिडकी असते. आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत पाहून घ्यावी. ऑइल काळे दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण इंजिनातील काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. काळजी करावी ती पातळी खालच्या खुणेखाली गेली तर, आणि ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागले तर, कारण त्याचा अर्थ ऑइलमध्ये पाणी शिरले आहे असा होतो.

हत्यारे

सुरुवातीला ८ ते १७ नंबरपर्यंतचे रिंग पाने, मागच्या चाकाच्या नटाच्या मापाचा एक दणकट पाना, प्लग पाना, दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, मोजपट्टी आणि टूथब्रश एवढे पुरते. फिक्स पान्यापेक्षा रिंग पाना घ्यावा. तो नटाला सर्व बाजूंनी धरतो, त्यामुळे नटाचे कोपरे गोल होत नाहीत. ॲडजस्टेबल पाना मात्र नवशिक्याने घरात आणूच नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घरी बिघडलेले निम्मे नट त्यानेच बिघडवलेले असतात.

नट किंवा बोल्ट परत लावताना पहिले तीन-चार फेरे पान्याने नव्हे, नेहमी बोटांनी द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर बोल्ट तिरका बसला आहे असे समजून तो काढावा आणि पुन्हा लावावा. शेवटी आवळताना पाना मध्यभागी धरला तर हाताचा जोर आपोआप बेताचा राहतो. पुढे सवय झाल्यावर टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना, घ्यावा. चाकाच्या एक्सलचा (दांड्याचा) आणि ड्रेन बोल्टचा पुस्तिकेतील आकडा एकदा त्या रेंचने आवळून पाहिला की ‘घट्ट’ म्हणजे किती हे हाताला कायमचे कळते.

चेन

पहिल्या वर्षी एकच काम नीट शिकायचे असेल तर ते चेनचे शिकावे. कोल्हापूरच्या परिसरात चेनचे हाल वर्षभर होतात. पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीकडील तांबडी माती पाण्याबरोबर चेनच्या कड्यांत शिरते, पुढे हंगामात शेतातून निघालेल्या ट्रॉल्यांच्या चाकांचा चिखल रस्त्यावर वाळून त्याची धूळ उडते, आणि ऑइलने ओल्या झालेल्या चेनवर ती बसली की काळी खरवडणारी लेई तयार होते. वरवर पाहता चेन ‘ऑइलने भरलेली’ दिसते, प्रत्यक्षात मात्र ती आतून घासली जात असते.

चेनची ढिलाई पाहताना इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा. इंजिन चालू ठेवून, चाक फिरत असताना चेनला फडके लावणे ही बोट गमावण्याची सर्वांत सोपी पद्धत आहे आणि तसे करणारी चांगली अनुभवी माणसे मी पाहिली आहेत. चेनच्या खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांच्या) मधोमध बोट लावून ती वर ढकलावी, खाली ओढावी आणि या दोन टोकांमधील अंतर मोजपट्टीने मोजावे. बंद चेन कव्हर असलेल्या गाड्यांत त्यासाठी रबरी बूच काढता येते. बहुतेक साध्या गाड्यांत हे अंतर २० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेले असते. मापन एकाच ठिकाणी करून थांबू नये. चाक थोडे थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी मोजावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सर्वांत घट्ट जागी जे अंतर येईल त्यावरून निर्णय घ्यावा.

चेन ढिली असली तर आवाज येतो, त्यामुळे ती कोणाच्याही लक्षात येते. अति घट्ट चेन आवाज करत नाही आणि म्हणूनच ती जास्त नुकसान करते. गाडीवर माणसे बसली, मागचे शॉकॲब्सॉर्बर दबले की चेन आणखी ताणली जाते, आणि त्या वेळी तिला ढिलाई उरली नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. शंका असल्यास चेन सांगितलेल्या मर्यादेच्या ढिल्या टोकाला ठेवावी.

चेन ताणण्यासाठी आधी मागच्या एक्सलचा नट ढिला करावा. काही गाड्यांत चेनच्या बाजूला आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो, तोही ढिला करावा लागतो. मग स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) दोन्ही टोकांवरील ॲडजस्टरचे नट सारख्याच मापाने, एका वेळी पाव फेरा, फिरवावेत. दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर आल्या पाहिजेत. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली तर चाक तिरके होते, टायर एका अंगाने झिजतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी ओढते. एक्सलचा नट आवळल्यावर ढिलाई पुन्हा मोजावी, कारण आवळताना ती थोडी बदलते. यानंतरची एक पायरी नवशिके हमखास विसरतात. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकले की ब्रेकची सळई ताणली जाते आणि मागचा ब्रेक घट्ट होतो, म्हणून चेन ताणल्यावर ब्रेकचा पेडल आणि ब्रेकचा दिवा दोन्ही तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

सफाईसाठी रॉकेल उत्तम. ते न मिळाल्यास गॅरेजमध्ये बहुधा डिझेल वापरतात. पेट्रोल वापरू नये, कारण आगीचा धोका तर असतोच, शिवाय ओ-रिंग असलेल्या चेनचे रबर त्याने खराब होते. टूथब्रशने कड्या घासून, फडक्याने कोरड्या करून, चेनच्या आतल्या बाजूला ९० नंबरचे गिअर ऑइल थेंब थेंब सोडावे आणि तासाभराने वरचे जादा ऑइल पुसून टाकावे. इंजिनमधून काढलेले जळके ऑइल चेनला लावण्याची आपल्याकडील पद्धत काटकसरीची वाटते. त्या ऑइलमधील धातूचा कीस आणि काजळी मात्र चेनमध्येच जाते. साधारण दर ५०० किलोमीटरला आणि भर पावसात प्रवास झाल्यास घरी आल्यावर लगेच हे काम करावे. स्प्रॉकेटचे दात शार्कच्या दातासारखे एका बाजूला वाकलेले दिसू लागले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. जुन्या दातांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही.

ब्रेक आणि क्लच

मागच्या ड्रम ब्रेकचा पेडल पायाने दाबल्यावर ब्रेक लागण्याआधी त्याने साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळे खाली जावे. ही मोकळीक ब्रेकच्या सळईच्या टोकावरील नटाने कमी-जास्त करता येते. त्या नटाला अर्धगोल खाच असते आणि ती खाच पिनवर बरोबर बसली तरच समायोजन टिकते, म्हणून अर्धा-अर्धा फेरा फिरवून दर वेळी पेडल दाबून पाहावा. नंतर चाक हाताने फिरवावे. ते कोठेही न घासता मोकळे फिरले पाहिजे. ड्रमवरील बाण ब्रेक दाबल्यावर मर्यादेच्या खुणेपर्यंत पोहोचत असेल, तर ब्रेक शू संपले आहेत आणि नट आवळत राहणे ही फसवणूक आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी रचना) किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी रचना) आणि त्यावरील गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले. सीबीएसमध्ये मागच्या पेडलने पुढचा ब्रेकही लागत असल्यामुळे समायोजनाचा क्रम पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा.

डिस्क ब्रेकमध्ये नवशिक्याने फक्त पाहावे: पॅडची जाडी आणि ब्रेक फ्लुइडची पातळी. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी तो बदलावा लागतो. सांडला तर रंग खातो. बदलण्याचे आणि हवा काढण्याचे काम पहिल्यांदा मिस्त्रीसमोर उभे राहून पाहावे, एकट्याने करू नये. करूळ घाटाच्या उतारावर ब्रेकमध्ये हवा असल्याचे कळणे कोणालाही परवडणारे नाही.

क्लचच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळीक असावी. ती अजिबात नसेल तर क्लच प्लेट सतत अर्धवट सुटलेल्या राहतात आणि जळतात.

ऑइल बदलणे

आता ड्रेन बोल्टकडे यायला हरकत नाही. ऑइल घेताना श्रेणी पुस्तिकेप्रमाणे घ्यावी. १०० सीसीच्या अनेक गाड्यांना १० डब्ल्यू ३० चालते, तर मोठ्या इंजिनांना वेगळी श्रेणी लागते. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ हे मोटरसायकलच्या ऑइलचे मानक लिहिलेले असावे. मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि कारच्या पुष्कळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असल्याने ते घातल्यास क्लच घसरू लागतो.

इंजिन कोमट असावे, भाजण्याइतके गरम नसावे. खाली पसरट भांडे ठेवावे, बोल्टाच्या डोक्याकडे खालून तोंड करून काट्यांच्या विरुद्ध दिशा मनाशी नक्की करावी आणि मगच पाना लावावा. सगळे ऑइल निथळायला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. तोवर बोल्ट पुसून त्याला चिकटलेला कीस पाहावा: बारीक चंदेरी पूड नेहमीची असते, हाताला टोचणारे तुकडे मिळाले तर गाडी मिस्त्रीला दाखवावी. बोल्टाखालचा वायसर नवा घालावा, कारण तो एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. मग ऑइल झिरपते आणि माणूस ते थांबवण्यासाठी बोल्ट आणखी आवळत जातो. कागदी ऑइल फिल्टर असेल तर तोही याच वेळी बदलावा. नवे ऑइल मोजून घालावे. छोट्या गाड्यांना साधारण पाऊण ते एक लिटर लागते आणि जास्त घातल्याने फायदा होत नाही. काढलेले ऑइल डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे, तेथे ते गोळा करणारे लोक येतात. गटारात ओतलेले ऑइल जयंती नाल्यातून पंचगंगेत जाते.

प्लग, एअर फिल्टर, बॅटरी

प्लग थंड इंजिनवरच काढावा आणि त्याआधी त्याच्या खळग्यातील धूळ फुंकून घ्यावी. फिकट तपकिरी टोक चांगले. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याचे किंवा फिल्टर चोंदल्याचे सांगते. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, न पिळता दाबून कोरडा करावा आणि किंचित ऑइल लावून बसवावा. कागदी आणि तेलकट दिसणारा फिल्टर मात्र धुऊ नये, हवेने झटकूही नये. तो बदलायचाच असतो. बॅटरी काढताना आधी ऋण आणि लावताना आधी धन टोक, एवढा नियम पाळावा आणि टोकांना थोडे व्हॅसलीन लावावे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) बहुतेक गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असते. तेथे पेट्रोलच्या नळ्या आणि विजेचे कनेक्टर सुटे करून प्रयोग करू नयेत.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापुरात हा भाग वगळून निगेविषयी लिहिता येणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्याने ३९ फुटांची बातमी आली की गाडी उंचावरील नातलगांकडे नेऊन लावावी. ही खबरदारी कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नये आणि किक मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि पिस्टन त्यावर आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी गाडीचे फोटो काढावेत आणि सर्वसमावेशक विमा असेल तर कंपनीला कळवावे, कारण बुडालेले इंजिन मालकाने चालू केल्याचे आढळले तर भरपाईवरून वाद होतो. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडावे. बीएस ६ गाडी असेल तर येथेच थांबून ती टेम्पोत घालून वर्कशॉपला न्यावी.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पुढील काम घरी करता येते. टाकीतील पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि आपल्याच उसाच्या मळीपासूनही तयार होणारे इथेनॉल हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते, ते पाणी शोषून त्याच्याबरोबर तळाशी जाते. म्हणून वरचे पेट्रोल स्वच्छ दिसले तरी ते वापरण्याचा मोह टाळावा. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून तेथील पाणी काढावे आणि कागदी एअर फिल्टर फेकून द्यावा. प्लग काढून ठेवावा, चावी बंदच असावी, आणि किक हाताने हळूहळू दाबावी, म्हणजे सिलिंडरमधील पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येते. त्याच भोकातून चमचाभर ऑइल सोडून आणखी काही वेळा किक दाबावी.

इंजिनमधील ऑइल काढून योग्य श्रेणीचे नवे भरावे. दोन्ही ड्रम उघडून आतील गाळ धुऊन काढावा आणि ब्रेक शू वाळवावेत. पुराचा गाळ फार बारीक असतो आणि वाळला की सिमेंटसारखा बसतो. कनेक्टर सोडून सावलीत एक-दोन दिवस वाळू द्यावेत. नंतरच नवा प्लग आणि ताजे पेट्रोल घालून इंजिन चालू करावे, ते पाच मिनिटे रेस न देता चालवावे आणि डिपस्टिक पाहावी. ऑइल पुन्हा दुधाळ झालेले असते, बहुतेक वेळा होतेच, आणि मग तेही काढून दुसऱ्यांदा नवे भरावे लागते. या दोन्ही खेपांसाठी ड्रेन बोल्टाचे दोन वायसर आधीच आणून ठेवावेत, कारण पुरानंतरच्या आठवड्यात ते दुकानात मिळतीलच असे नाही.